परिचयपत्र कुणासाठी लिहायचे?

(नोकरीच्या शोधातील तरुण-तरुणी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास बंदराच्या, म्हणजे पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी एक अर्ज आला. अर्जदाराचे वय चोवीस. मॅट्रिक झालेला, पुढे एफ.ए.पर्यंत, आजच्या हिशेबाने साधारण बारावीपर्यंत, शिकलेला. पण ती परीक्षा काही उत्तीर्ण होऊ शकला नव्हता. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने त्याची शिष्यवृत्तीही गेली होती. घरी गरिबी, लग्न झालेले, हाताला काम नाही. या तरुणाचे नाव श्रीनिवास रामानुजन.

जगाने पुढे ज्याला महान गणिती म्हणून मान दिला त्याचा हा अर्ज आजही उपलब्ध आहे आणि तो वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या साधेपणाचे. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचे कळले, म्हणून अर्ज करीत आहे, मॅट्रिक उत्तीर्ण आहे, एफ.ए.पर्यंत शिक्षण झाले, परंतु प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही. मधला सर्व काळ गणिताच्या अभ्यासात घालवला आहे. हे काम नेमले गेल्यास ते नीट करू शकेन असा विश्वास आहे. मजकूर एवढाच. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र. १ मार्च १९१२ पासून दरमहा तीस रुपयांवर रामानुजन यांची नेमणूक झाली.

त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, १६ जानेवारी १९१३ रोजी, याच तरुणाने केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. त्यात स्वतःविषयी एकच छोटा परिच्छेद आहे. आपण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला वीस पौंडांवर कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, शाळा सुटल्यावर हाती राहिलेला वेळ गणितात घालवला, हे सांगून झाले आणि लगेच काम सुरू होते. पानामागून पाने, सुमारे शंभराहून अधिक सूत्रे व प्रमेये. (वय मात्र त्यांनी तेवीस लिहिले आहे, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. चरित्रकारांना तेवढेच कोडे!) हार्डींनी ती पाने आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह तपासली. काही निष्पत्ती आधीच ठाऊक असलेल्या होत्या, काही चुकीच्या होत्या आणि काही अशा होत्या की हार्डींसारख्याने त्यांसारखे पूर्वी काही पाहिलेच नव्हते. १९१४ साली रामानुजन इंग्लंडला गेले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

माणूस एकच. शिक्षण तेच, अपयश तेच, गुण तेच. परंतु दोन कागद पूर्णतः वेगळे. बंदराच्या कचेरीला लंबवर्तुळीय संकलने धाडली असती तर साहेबाने तो कागद बाजूला ठेवला असता; आणि हार्डींना ‘काम नीट करू शकेन’ एवढेच कळवले असते तर तेही उत्तर देते ना. कचेरीला हवे होते ते आकडेमोडीत विश्वासाचे आणि कुणा जाणत्याने पारखलेले माणूस. केंब्रिजला हवे होते प्रत्यक्ष गणित. ज्याला जे हवे ते त्याच्यासमोर ठेवले गेले, आणि दोन्ही ठिकाणी खोटे एक अक्षर नव्हते. (वयाचे सोडून!)

आपल्याकडे आज काय घडते? झेरॉक्सच्या दुकानावर ‘बायोडेटा करून मिळेल’ अशी पाटी असते. दुकानदाराच्या संगणकात आधीच्या कुणाचा तरी मजकूर तयार असतो. नाव, पत्ता, टक्केवारी तेवढी बदलायची, चाळीस प्रती काढायच्या आणि चाळीस ठिकाणी धाडायच्या. सुरुवातीला ध्येय म्हणून एक इंग्रजी वाक्य असते, ज्याचा अर्थ असा की आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची व स्वतःची प्रगती साधावयाची आहे. हे वाक्य लेखनिकाच्या अर्जातही असते आणि वेल्डरच्याही. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा, स्थळ, दिनांक, सही. मधल्या जागेत उमेदवार मात्र कुठे सापडत नाही.

याला आणखी एक मजेदार कारण आहे. मराठी घरात ‘बायोडेटा’ हा शब्द दोन कामांसाठी वापरला जातो: एक नोकरीचा आणि दुसरा लग्नाचा. पुष्कळदा पहिल्यात दुसरा मिसळतो. वडिलांचे नाव व व्यवसाय, भावंडे किती, उंची, रक्तगट, धर्म, जात, मूळ गाव, छंद. वधूवर सूचक मंडळासाठी हे सारे उपयुक्त असेल. चाकणच्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला त्याचे कारण नाही. उलट त्यात अपाय होण्याचा संभव अधिक. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी आपल्या देशातील खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, पण नावे-आडनावे वेगवेगळी असलेले अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दलित आडनावांच्या आणि मुस्लीम नावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू आडनावांच्या तुलनेत कमी बोलावणी आली. आडनाव लपवता येत नाही, लपवूही नये. पण जिथे सरकारी आरक्षणाचा प्रश्न नाही तिथे जात-धर्माचा रकाना स्वतःच्या हाताने भरून देण्याचे प्रयोजन काय? आणि या सभागृहात जे स्वतः उद्योजक आहेत, ज्यांच्या टेबलावर असे अर्ज येतात, त्यांनी ही आकडेवारी आपल्यापुरती तपासून पाहण्यास हरकत नाही.

आता कागद वाचणाऱ्याची बाजू पाहू. २०१२ साली अमेरिकेतील एका नोकरीविषयक संस्थेने भरती अधिकाऱ्यांची नजर कागदावर कशी फिरते हे यंत्राने टिपले. पहिल्या चाळणीत एका परिचयपत्राला मिळालेला वेळ सरासरी सहा सेकंद होता. २०१८ मध्ये पुन्हा पाहिले तेव्हा तो सात सेकंदांच्या थोडा वर गेला होता. यात अधिकाऱ्याचा दोष नाही. एका जागेसाठी शेकडो अर्ज आल्यावर तो करणार काय? तो वरचा तिसरा भाग पाहतो, सध्याचे वा शेवटचे काम पाहतो, त्याचा काळ पाहतो आणि पुढे जातो. म्हणून ज्या गोष्टीमुळे बोलावणे यायचे ती गोष्ट दुसऱ्या पानाच्या तळाशी असून चालत नाही. नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. दहा-पंधरा वर्षे काम केलेल्यास दोन.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळींत अंतर कसे सोडावे, समास किती ठेवावा, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे कसे दिसावे याचा त्यात तपशीलवार विचार आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हा विषय कशाला, असे पुष्कळांना वाटते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये हाही लिहिणाऱ्याचा धर्म आहे, हे समर्थांना ठाऊक होते. आजच्या परिचयपत्रात तीन प्रकारचे टंक, चार रंग, कडेने वेलबुट्टी आणि प्रत्येक तारीख निराळ्या पद्धतीने लिहिलेली आढळते तेव्हा तो समास आठवावा.

परंतु नेटकेपणा ही झाली पहिली पायरी. खरी अडचण मजकुराची. आणि इथे आपल्या मध्यमवर्गीय घरांतील संस्कार आडवा येतो. आत्मप्रौढी वाईट, स्वतःविषयी स्वतः बोलू नये, हे लहानपणापासून कानी पडलेले असते. ते चांगलेच आहे. परंतु त्यामुळे होते असे की मुलगा एकतर काहीच सांगत नाही, किंवा नोकरीच्या भीतीने दुसऱ्या टोकाला जाऊन ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुण असलेला’ अशी विशेषणे स्वतःला लावून घेतो. विशेषण हीच खरी आत्मप्रौढी. काय केले हे सांगणे ही आत्मप्रौढी नव्हे, ती माहिती आहे.

उदाहरण घेऊ. आय.टी.आय. झालेला एक तरुण लिहितो, ‘सीएनसी मशीनवरील कामाचा अनुभव’. भोसरी-चिंचवडमध्ये असे लिहिणारे हजारो आहेत. त्यालाच कुणी विचारावे, कोणते मशीन? तो सांगतो, फॅनुक कंट्रोलचे, दोन अक्षांचे टर्निंग. किती दिवस? चौदा महिने. केवळ जॉब लावून बटण दाबायचे, की सेटिंगही? सेटिंग स्वतः करीत होता, इन्सर्ट बदलला की टूल ऑफसेट स्वतः देत होता. माप कशाने घ्यायचे? मायक्रोमीटरने, शंभरांश मिलिमीटरपर्यंत. पहिला जॉब कोण पास करून घेई? तोच, क्वालिटीकडे नेऊन. आता ही सगळी उत्तरे दोन ओळींत मांडली की साधा ऑपरेटर आणि सेटर यांतला फरक कागदावर उतरतो, आणि हा फरक पगारातही असतो. मुलाने नवीन काही मिळवले नाही. होते तेच सांगितले. पण त्याला ते सांगण्याजोगे आहे असे वाटतच नव्हते. वडील स्वतः कारखान्यात असतील तर त्यांनी मुलाजवळ बसून हे प्रश्न विचारावेत. क्लासला पैसे भरण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

शिकाऊ उमेदवारीचेही तसेच. १९६१ च्या कायद्यानुसार केलेली अप्रेंटिसशिप म्हणजे प्रत्यक्ष कामाची फेरी असते, पण पुष्कळ मुले ती ‘शिक्षण’ या मथळ्याखाली एका ओळीत उरकतात. कोणत्या विभागात किती महिने, काय हाताळले, हे तिथे यायला हवे.

बी.कॉम. झालेल्या मुलीने ‘टॅली येते’ असे लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही. एखाद्या कर सल्लागाराकडे दोन वर्षे काम करताना तिने किती व्यापाऱ्यांची खाती सांभाळली, दरमहा जीएसटीआर-१ आणि ३-बी वेळेत भरण्याची जबाबदारी तिच्याकडे होती का, बँकेच्या पुस्तकाशी जुळवणी ती करीत होती का, हे लिहिले की मालकाला कळते की ही मुलगी सोमवारपासून कामाला बसू शकेल.

या सभागृहातील अनेक तरुण सामाजिक कामात आहेत. त्यांच्या परिचयपत्रात ‘सामाजिक कार्याची आवड’ असे असते, किंवा संघटनेचे नाव आणि पद. वाचणाऱ्याला त्या पदाचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही, आणि नाव पाहून तो आपलेपणाने वा परकेपणाने वागेल, हेही चांगले नाही. त्याऐवजी काम लिहावे. तीनशे जणांच्या तीन दिवसांच्या शिबिराची भोजनव्यवस्था सांभाळली, किराणा ठरवला, अंदाजपत्रकात बसवला, शेवटी हिशेब तपासून दिला. पूरग्रस्त भागात साहित्यवाटपाच्या याद्या केल्या, घरोघर पडताळल्या. यातील प्रत्येक वाक्य पुरवठा, भांडार, प्रशासन अशा कोणत्याही कामाच्या अर्जात मानाने बसते. अट एकच, ते काम खरोखर स्वतः केलेले असावे. पंगतीत वाढले असेल तर ‘वाढले’ लिहावे, ‘व्यवस्थापन केले’ लिहू नये.

आणि भगिनींविषयी. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण यांत सहा-आठ वर्षे गेली आणि आता पुन्हा काम करायचे आहे, अशा अनेक जणी आपल्या घरांत आहेत. त्या या रिकाम्या वर्षांना इतक्या घाबरतात की अर्जच करीत नाहीत, किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने जुन्या नोकरीच्या तारखा ताणतात. भीती अगदीच निराधार नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल व अॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील कंपन्यांच्या पाहणीवरून काढलेल्या अहवालात आढळले की कामात सहा महिन्यांहून अधिक खंड असलेले अर्ज जवळजवळ निम्म्या कंपन्या संगणकीय चाळणीतच बाजूला काढतात. त्यात चांगली माणसे गमावली जातात हेही अहवाल सांगतो. मग उपाय काय? पुन्हा रामानुजन यांचा कारकुनीचा अर्ज पाहावा. खंड त्यांनी लपवला नाही, त्याचे रडगाणेही गायले नाही. अर्ध्या वाक्यात कारण, अर्ध्या वाक्यात त्या काळात काय केले ते. ‘२०१७ ते २०२४ : कौटुंबिक जबाबदारी, याच काळात बचत गटाच्या वीस सदस्यांच्या कर्ज-परतफेडीच्या नोंदी सांभाळल्या.’ पुरे झाले. आणि अशा भगिनीने संकेतस्थळावरील फॉर्मपेक्षा ओळखीच्या मार्गाने, प्रत्यक्ष माणसाच्या हाती कागद जाईल असे पाहावे, कारण चाळणीला समजूत घालता येत नाही.

तारखा ताणण्याचा विषय निघालाच आहे. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, २०१४ पासून आला. कोणत्या मालकाने कोणत्या महिन्यापर्यंत वर्गणी भरली याची नोंद त्यात एका ठिकाणी दिसते. मोठ्या कंपन्या नेमणुकीपूर्वी वा नंतर पडताळणी संस्थांकडून हे तपासून घेतात. तीन महिन्यांची थाप तिथे उघडी पडते. परंतु सापडण्याची भीती हे कारण दुय्यम समजू. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांचे प्रकरण पाहावे. १९७९ साली नोकरीला लागताना त्यांनी न मिळवलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. पुढे अठ्ठावीस वर्षे त्यांनी उत्तम काम केले, प्रवेशाच्या स्पर्धेत मुलांवर येणारा ताण कमी व्हावा म्हणून पुस्तक लिहिले, देशभर नाव झाले. एप्रिल २००७ मध्ये ती खोटी नोंद उघड झाली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पदवीची त्या कामाला गरजही नव्हती, हे त्या प्रकरणातील अधिक वाईट. ज्या पदव्या नसत्या तरी चालले असते त्यांचे ओझे एका कर्तबगार बाईने अठ्ठावीस वर्षे वाहिले. मे २०१२ मध्ये याहू कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन यांनाही पद सोडावे लागले. त्यांची पदवी लेखाशास्त्राची होती, परिचयात मात्र संगणकशास्त्राचीही नोंद होती.

आता यंत्राविषयी थोडे. मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक वाचतो. त्याविषयी बाजारात भयंकर कथा आहेत, त्या विकणारेही पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती साधी आहे. ही प्रणाली मजकूर उचलून रकान्यांत भरते आणि अधिकारी त्यात शब्द शोधतो. म्हणून जाहिरातीत कामाचा जो शब्द असेल तोच, खरा असल्यास, आपल्या कागदात असावा. जाहिरातीत ‘व्हीएमसी’ म्हटले असेल तर आपण केवळ ‘मिलिंग’ लिहून भागत नाही. चौकटी, चित्रे, दोन स्तंभ यांत अडकलेला मजकूर यंत्राला कधी कधी उचलता येत नाही. सरळ ओळींचा कागद बरा. मराठीतून अर्ज करावयाचा असेल तर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी खुणांचा ढीग दिसतो. पांढऱ्या अक्षरांत अदृश्य शब्द पेरून ठेवण्याची युक्ती काही जण शिकवतात. ती सापडते, आणि सापडल्यावर उमेदवार लबाड ठरतो.

नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटीसारखी साधने घराघरांत आली, आणि आता झेरॉक्सवाल्याचे काम ती फुकट करतात. इंग्रजी शुद्ध होते, यात संशय नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्याचा आधार जरूर घ्यावा. परंतु कच्चा मजकूर आधी स्वतः लिहावा, मराठीत लिहिला तरी चालेल, आणि मग भाषा सुधारून घ्यावी. यंत्राला नुसते ‘बायोडेटा करून दे’ म्हटले की ते पुन्हा तीच मेहनती, ध्येयवादी, परिणामाभिमुख व्यक्ती तयार करून देते, आणि त्याच टेबलावर त्याच दिवशी तशीच आणखी साठ माणसे येऊन पडलेली असतात. शिवाय कागदावर अस्खलित इंग्रजी आणि मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला अडखळणे, याने होणारी मानहानी मुलाच्या मनातून पुढे बरेच दिवस जात नाही. जितके इंग्रजी बोलता येते त्याच्या एकच पायरी वरचे कागदावर असावे.

आणखी एका तरुणाचे उदाहरण देऊन हा भाग संपवू. मायकेल फॅराडे लंडनमध्ये पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत होता. शाळा जेमतेम. १८१२ साली त्याने सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली, तीनशे पानांचा तो ग्रंथ स्वतःच्या हाताने बांधला आणि डेव्हींना पाठवून दिला. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. आजच्या मुलांपाशी असे पाठवण्याजोगे काही नसते का? काढलेले ड्रॉइंग असते, लिहिलेला प्रोग्रॅम असतो, अनुवाद असतो, घरच्या दुकानासाठी केलेला साठ्याचा तक्ता असतो. त्याचा दुवा किंवा प्रत जोडावी, एका ओळीत काय आहे ते सांगावे.

उरल्या त्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांवर व्याख्यान देण्याची वेळ येऊ नये. फाईलचे नाव ‘बायोडेटा नवीन फायनल दोन’ असे नसावे. स्वतःचे नाव व कामाचे नाव असावे. कॉलेजात गंमतीने घेतलेला ई-मेल पत्ता अर्जासाठी वापरू नये. छायाचित्र मागितले असेल तरच द्यावे. ज्यांचे नाव संदर्भ म्हणून द्यायचे त्यांना आधी विचारावे. आणि दूरध्वनीचा क्रमांक आपलाच, चालू असलेला द्यावा. पुष्कळ मुले वडिलांचा क्रमांक देतात. कंपनीचा फोन येतो तेव्हा वडील बँकेच्या रांगेत असतात, मुलाने कुठे अर्ज केला हे त्यांना ठाऊक नसते, आणि ‘राँग नंबर’ म्हणून ते फोन ठेवून देतात.